महापालिकेचे बॅडमिंटन हॉल, तरणतलाव, नाट्यगृहे : भाड्याच्या आकड्याआधी काय ठरवायला हवे?

सकाळची_बॅच (धागाकर्ता)

पुण्यात आमच्या भागातल्या महापालिकेच्या क्रीडासंकुलात गेली अकरा वर्षे मी बॅडमिंटन खेळतो आहे. हॉलमध्ये तीन कोर्ट आहेत. दाराशी एक टेबल, त्यावर दोरीने बांधलेले पेन आणि कडेने फाटत चाललेले हजेरीचे रजिस्टर असते. या अकरा वर्षांत भाडे किती वेळा वाढले यापेक्षा ते कशावर आकारले जाते हे कसे बदलत गेले, त्याबद्दल मला लिहायचे आहे. कारण वर्तमानपत्रात बातमी येते ती फक्त 'शुल्कवाढ' अशी, आणि चर्चा एवढ्यावरच थांबते की वाढ जास्त आहे की रास्त.

पूर्वी आमच्याकडे माणशी मासिक पास होता. ज्याच्याकडे पास, त्याने आपल्या बॅचच्या वेळेत यावे आणि कोर्ट रिकामे होईल तसे खेळावे, अशी पद्धत होती. गर्दी व्हायची, थांबावे लागायचे, कधी वादही व्हायचे. मग व्यवस्था बदलली आणि भाडे कोर्टावर, तासाच्या हिशेबाने आकारले जाऊ लागले. वरवर पाहता हा बदल सरळ होता आणि आम्हा नोकरदारांना तो सोयीचाच झाला, कारण आम्ही चौघे मिळून एक तास घेतो आणि भाडे चौघांत वाटून जाते. पण त्याच हॉलमध्ये आठवीतल्या दोन मुली रोज सकाळी एकेरीचा सराव करत असत. त्यांच्यावर तेच भाडे माणशी दुप्पट पडू लागले. त्यांच्यापैकी एकीचे वडील रिक्षा चालवतात. दोन महिन्यांनी रजिस्टरमधली त्या मुलींची नावे बंद झाली. त्यांना कोणी येऊ नका म्हटले नव्हते आणि कोणाच्या मनात वाईटही नव्हते. आकारणीची पद्धत बदलताना या हॉलमध्ये कोण कोण येते, हा प्रश्न कोणी विचारला नाही, इतकेच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ही जागा कोणत्या वेळी प्रामुख्याने कोणासाठी आहे, हे आधी लेखी ठरले पाहिजे आणि आकडा त्यानंतर यायला हवा. त्यासाठी खर्चाचे तीन भाग वेगळे मांडावे लागतील. पहिला भाग रोजच्या वापराचा, म्हणजे वीज, पाणी, सफाई आणि रखवालदार यांचा. दुसरा झिजेचा : कोर्टावरची मॅट, दिवे, तलावाचा फिल्टर प्लांट, नाट्यगृहाच्या खुर्च्या. तिसरा भाग जमिनीचा आणि इमारतीचा. यातल्या तिसऱ्या भागाची वसुली वापरणाऱ्याकडून होऊ नये, असे मला ठामपणे वाटते. विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून आरक्षित केलेली जागा महापालिकेच्या ताब्यात येते तेव्हा त्या जागेची किंमत शहराने आधीच मोजलेली असते. शेजारच्या व्यापारी गाळ्याच्या दराशी तुलना करून 'इतके उत्पन्न बुडते' असे म्हणणे म्हणजे त्याच जागेची किंमत नागरिकांकडून दुसऱ्यांदा मागणे आहे. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवायचे अठरा विषय दिले. त्यांत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची तरतूद पाणीपुरवठा आणि रस्त्यांच्याच यादीत आहे.

पहिला भाग मात्र वापरणाऱ्याने उचलावा, याला माझी हरकत नाही. दुसऱ्याबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. तुमच्या शहरात काय पद्धत आहे आणि तिचा परिणाम काय दिसला, ते वाचायला आवडेल.

---

हिशेबाची_वही

मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. आपण खर्चाचे तीन भाग मांडलेत ते योग्यच आहेत, पण माझा अनुभव असा की यातला पहिला भागही बहुतेक ठिकाणी कोणालाच ठाऊक नसतो. मी ज्या संकुलाचे हिशेब पाहत असे, तिथले वीजमीटर शेजारच्या विभागीय कार्यालयाशी एकच होते. सफाई कामगार आरोग्य खात्याच्या पटावर, रखवालदार सुरक्षा खात्याच्या आणि दुरुस्ती भवन विभागाकडे. अंदाजपत्रकात 'क्रीडा' या शीर्षाखाली जी रक्कम दिसे, तिच्यावरून एका कोर्टाला एका तासाला किती खर्च येतो हे सांगणे अशक्य होते. मग भाडेवाढीचा प्रस्ताव कसा तयार होई? मागील दर घ्यायचा, त्याला किती वर्षे झाली ते पाहायचे आणि त्या मानाने काही टक्के वाढवायचे. मी स्वतः अशा टिपण्या लिहिल्या आहेत आणि आज त्यांचे मला वाईट वाटते.

त्यामुळे माझी पहिली मागणी अगदी साधी आहे : प्रत्येक संकुलाला स्वतंत्र वीजमीटर आणि स्वतंत्र खातेपान. ते झाल्याशिवाय 'तोटा होतो' आणि 'तोटा होत नाही' या दोन्ही विधानांना आधार नाही.

दुसरे म्हणजे वेळापत्रक. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ नुसार पुढील वर्षाच्या करांचे दर महापालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, आणि त्या निमित्ताने निदान एक चर्चा होते. भाड्याचे प्रस्ताव मात्र वर्षभरात कधीही स्थायी समितीपुढे येतात. एक नाट्यगृहाचा, सहा महिन्यांनी दुसरा तलावाचा, असे सुटे सुटे. सर्व सुविधांचे दर, त्या प्रत्येकीचा खर्च आणि सवलतीपोटी महापालिका सोसत असलेली रक्कम हे अंदाजपत्रकासोबत एकाच तक्त्यात आले, तर नगरसेवकालाही नेमका प्रश्न विचारता येईल. मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर तुमच्या पुण्यात दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार होता. प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे प्रशासनच असेल, तर असा तक्ता आधी जाहीर होणे आणखी गरजेचे ठरते.

---

करदाता

मी दोघांशीही असहमत आहे आणि कारणे देतो.

सुविधा स्वस्त ठेवली म्हणजे ती गरिबाला मिळते, हे गृहीतकच मला पटत नाही. आमच्या भागातल्या तलावावर सकाळी सहाच्या बॅचला मी अनेक वर्षे तेच तीस-चाळीस चेहरे पाहतो आहे. पास संपायच्या आदल्या दिवशी नूतनीकरण होते आणि नव्या माणसाला जागा मिळत नाही. बाहेर त्यांच्या गाड्या उभ्या असतात. या लोकांच्या पोहण्याचा खर्च मिळकतकरातून का निघावा? तो कर भरणाऱ्यांत दीड खोलीत राहणारेही आहेत आणि ते कधी तलावाच्या पायरीवरही आलेले नाहीत. दर खासगी क्लबच्या जवळ न्या, जमा झालेल्या पैशातून महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना विनामूल्य पोहायला शिकवा. मला तरी हे अधिक न्याय्य वाटते.

---

सकाळची_बॅच

करदाता, आपण वर्णन केलेले दृश्य खरे आहे. आमच्या हॉलमध्येही तसेच आहे, आणि त्या तीस-चाळीस जणांत मीही मोडतो. पण ती अडचण दराची आहे की नूतनीकरणाच्या नियमाची? पास आपोआप पुढे चालू राहत असेल, तर दर दुप्पट केला तरी तेच चेहरे राहतील, कारण त्यांना तो परवडतो. दर वाढल्यावर गळतो तो काठावरचा माणूस. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या गर्दीच्या वेळी पूर्ण दर घ्या, पास तीन महिन्यांचाच ठेवा, आणि जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढा. हे मी स्वतःचे नुकसान मान्य करून लिहितो आहे.

वाढीव पैशातून शाळकरी मुलांना शिकवण्याची कल्पना मला मनापासून आवडली. मात्र ते पैसे त्याच कामाला लागले, हे हिशेबाची_वही यांनी सांगितलेल्या खातेपानाशिवाय कळणार कसे?

---

निळी_लेन

तरणतलावावर मी जीवरक्षक म्हणून सात वर्षे आणि नंतर प्रशिक्षक म्हणून काम केले. तलावाचा खर्च हॉलपेक्षा फार वेगळा असतो, हे इथे नोंदवायला हवे.

पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी असते. ते पाणी दिवसातून अनेक वेळा फिल्टरमधून फिरवावे लागते, क्लोरिनची मात्रा दर काही तासांनी तपासावी लागते, पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा निर्देशांक, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखावा लागतो. तलावात पाच जण असोत की पन्नास, पंप तेवढाच चालतो आणि काठावर जीवरक्षक तेवढेच लागतात. याचा अर्थ असा की दुपारी बाराच्या बॅचला आणखी वीस मुले आली, तर महापालिकेचा खर्च जवळजवळ वाढत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी दुपारचा दर सकाळच्या दराइतकाच असतो, आणि निळे पाणी उन्हात नुसते चमकत पडलेले असते. मे महिन्याच्या सुट्टीत झोपडपट्टीतली मुले कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहिलेली मी रोज पाहत असे. एकदा त्यांच्यातल्या एकाने मला विचारले, "सर, आत्ता तर कोणीच नाही, मग आत्ता का नाही?" माझ्याकडे याचे उत्तर नव्हते.

दुसरी गोष्ट ठेकेदाराची. जो सर्वाधिक रक्कम महापालिकेला देईल त्याला तलाव चालवायला द्यायचा, अशी निविदा निघाली की पुढचे सगळे ठरून जाते. कागदावर नागरिकांचा दर मर्यादित असतो. पण उत्पन्न वाढवण्यासाठी 'विशेष प्रशिक्षण बॅच' निघतात, चांगल्या वेळा त्यांच्याकडे जातात आणि साध्या पासवाल्याला उरलेली पाऊण तासाची बॅच मिळते. मी ज्या तलावावर होतो तिथे खर्च वाचवण्यासाठी आम्हा चौघा जीवरक्षकांचे दोघे झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात खोल भागात एक मुलगा गटांगळ्या खाऊ लागला तेव्हा मी उथळ बाजूला होतो. त्याला वेळेवर बाहेर काढता आले, पण ते अंतर धावताना मला जे वाटले ते मी विसरलेलो नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडी तलावावर क्लोरिनची गळती होऊन अनेकांना त्रास झाला, ही बातमी आपण वाचली असेल. देखभाल आणि प्रशिक्षित माणसे यांवरचा खर्च हा दर ठरवताना कापायचा भाग नव्हे. दर कमी ठेवायचा असेल, तर ती तूट महापालिकेने उघडपणे सोसावी. ठेकेदाराला ती सोसायला लावली, तर तो ती माणसे कमी करूनच भरून काढतो.

---

तिसरी_घंटा

नाट्यगृहांबद्दल लिहितो. गेली काही वर्षे मी एका हौशी आणि प्रायोगिक गटाचे व्यवस्थापन पाहतो.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झाले, तेव्हा महापालिकेने इतक्या मोठ्या प्रमाणावर नाटकासाठी वास्तू बांधणे ही शहराने घेतलेली एक भूमिका होती. आज भाड्याचा विचार करताना नाटक, ऑर्केस्ट्रा, शाळेचे स्नेहसंमेलन आणि एखाद्या कंपनीचा सोहळा यांचे दर वेगळे असतात, आणि ते असायलाही हवेत. प्रश्न येतो तो सत्रांचा. सकाळ, दुपार आणि रात्र अशी सत्रे असतात. नेपथ्य लावायला, प्रकाशयोजनेला आणि तालमीच्या एका धावत्या फेरीला आम्हाला किमान पाच तास लागतात. त्यामुळे रात्रीच्या प्रयोगासाठी दुपारचे सत्रही घ्यावे लागते. भाड्याचा जो आकडा जाहीर होतो त्याच्या दुप्पट आमच्या वहीत पडतो, वर वातानुकूलन आणि अनामत वेगळीच.

एक हिशेब मांडतो. समजा ९०० खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात ४० टक्के प्रेक्षक आले आणि तिकीट सरासरी २५० रुपयांचे आहे. म्हणजे ३६० प्रेक्षकांचे ९० हजार रुपये जमा होतात. त्यातून कलाकारांची नाइट (म्हणजे प्रयोगाचे मानधन), प्रकाश, ध्वनी, नेपथ्याचा टेंपो, जाहिरात आणि भाडे निघायला हवे. तिकीट वाढवावे म्हटले तर २०१८ पासून ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यापुढे लागतो. म्हणून वरच्या खुर्च्यांचे दरही त्या रेषेपाशी अडतात. भाड्यातली वाढ प्रेक्षकावर ढकलण्याची जागा फार थोडी असते. ती शेवटी नटांच्या मानधनातून जाते, किंवा प्रयोग लागतच नाही.

मला सवलत नको, मला पावती हवी. गेल्या वर्षी एका महापालिकेच्या नाट्यगृहात प्रयोग केला. वातानुकूलन मध्यंतरापूर्वीच बंद पडले आणि पुरुष प्रेक्षक शर्टाची बटणे सोडून बसले. अनामत परत मिळायला पाच महिने लागले, त्यासाठी तीन अर्ज केले आणि वातानुकूलनाचे पैसे पूर्ण कापून घेतले गेले. भाडे घेणाऱ्यावरही बंधन असले पाहिजे : यंत्रणा बंद पडली तर त्या सत्राचे किती पैसे परत मिळतील आणि अनामत किती दिवसांत मिळेल, हे दरपत्रकातच छापलेले असावे. तसेच तारीख ज्याच्या नावावर आहे त्यानेच ती वापरावी. नको असेल तर ती नाट्यगृहाला परत जावी, दुसऱ्या हाती नाही. तारखा अडवून ठेवणारे आहेत तोवर अधिकृत दर कितीही कमी असला, तरी आम्हाला मिळणारा दर तो नसतो.

---

सात_समुद्रापार

मी कॅलिफोर्नियात राहते आणि आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी, दिवाळीसाठी शहराच्या कम्युनिटी सेंटरचे सभागृह भाड्याने घेण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे न्यावी असे मला वाटत नाही, पण दोन-तीन गोष्टी उपयोगी पडतील.

इथल्या शहरांचे शुल्काचे एकत्रित दरपत्रक नगर परिषदेपुढे येते, त्यावर जाहीर सुनावणी होते आणि कोणीही तीन मिनिटे बोलू शकतो. हिशेबाची_वही काकांनी मांडलेली कल्पना जवळपास हीच आहे. दरपत्रकात त्या शहराचे रहिवासी, बाहेरचे, ना-नफा संस्था आणि व्यावसायिक असे स्तंभ असतात. अनेक शहरे दर ठरवण्यापूर्वी एक त्रिकोण आखतात. तळाशी संपूर्ण समाजाला लाभ देणाऱ्या गोष्टी, म्हणजे बागा आणि खुली मैदाने, ज्यांचा सगळा खर्च करातून होतो. टोकाकडे जावे तसा लाभ एका व्यक्तीचा किंवा कुटुंबाचा होत जातो, जसे की लग्नासाठी सभागृह, आणि तिथे पूर्ण खर्च किंवा त्याहून अधिक वसूल केला जातो. मुलांचे पोहणे शिकणे कुठे येते यावर खूप वाद होतो, पण तो आकडा ठरण्याच्या आधी होतो. २०१० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या एका प्रस्तावाने बहुतेक सेवांचे शुल्क वाजवी खर्चाच्या आतच ठेवण्याचे बंधन आणले. शहराच्या मालमत्तेच्या भाड्याला मात्र त्यातून वगळले, म्हणून सभागृहांचे दर इथेही चढेच आहेत.

त्रासही सांगते. आम्हाला ना-नफा संस्थेचा कमी दर मिळतो, पण त्यासोबत साधारण दहा लाख डॉलरच्या दायित्वाचे विमापत्र, सुरक्षारक्षक, सफाईचे वेगळे शुल्क आणि अनामत मागतात. या सगळ्याची बेरीज कधीकधी मूळ भाड्याच्या वर जाते. तुमचा तक्ता तयार होईल तेव्हा त्यात फक्त भाडे नसावे, भाडेकरूच्या खिशातून जाणारी एकूण रक्कम असावी.

---

करदाता

निळी_लेन यांचा मुद्दा मला पटला. रिकाम्या वेळेचा खर्च होतच असेल, तर ती वेळ फुकट देण्याला माझा विरोध नाही. गर्दीच्या वेळी पूर्ण दर घेण्याचा माझा आग्रह कायम आहे, आणि त्यात ज्येष्ठ नागरिकांची सरसकट सवलतही नसावी. निवृत्तिवेतन चांगले असलेल्या माझ्यासारख्याला अर्ध्या दराने सकाळी सहाची बॅच मिळण्याचे काही कारण नाही. मला दुपारी यायला वेळ असतो.

---

मैदान_पाच_ते_सात

मी वस्तीजवळच्या महापालिकेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवते. पैसे घेत नाही, मुलीही देऊ शकणार नाहीत. सव्वीस मुली आहेत. दोन खांब आणि चुन्याची फक्की, एवढेच आमचे साहित्य.

वरची सगळी चर्चा मी लक्ष देऊन वाचली. हॉल, तलाव आणि नाट्यगृह यांना भाडे असते हे आम्हाला समजते. पण मागच्या हिवाळ्यापासून आमच्या मैदानाचा अर्धा भाग संध्याकाळी एका क्रिकेट प्रशिक्षण वर्गाला तासाच्या भाड्याने दिला जातो. त्यांच्याकडे पावती आहे, ते नियमाने वागतात, त्यांचे प्रशिक्षकही सभ्य आहेत. आमच्याकडे पावती नाही, कारण मोकळ्या मैदानावर खेळायला पावती लागते हे आम्हाला कधी कोणी सांगितलेच नव्हते. आता पाच वाजता जाळी लागते आणि आम्ही कंपाउंडच्या भिंतीच्या बाजूला सरकतो. तिथे खडे आहेत. दोन मुलींचे गुडघे फुटले, एकीच्या आईने तिला पाठवणे बंद केले.

सकाळची_बॅच दादा, तुम्ही 'कोणत्या वेळी कोणासाठी' असे लिहिले आहे. तुम्ही निवेदन देणार असाल, तर त्यात मैदानाचेही एक वाक्य घाला : संध्याकाळी पाच ते सात या वेळेत मोकळे मैदान कोणालाही भाड्याने दिले जाऊ नये. दर कमी करून आम्हाला उपयोग नाही, ते दोन तास दरपत्रकाच्या बाहेरच असायला हवेत.

---

सकाळची_बॅच

ताई, तुमचे वाक्य पहिल्या कलमात आहे तसे घेतले आहे. दुसरे कलम दुपारच्या तलावाचे, तिसरे स्वतंत्र मीटर आणि खातेपानाचे, चौथे अनामत आणि बंद यंत्रणेच्या परताव्याचे. करदाता यांची ज्येष्ठांबद्दलची सूचना त्यांच्याच शब्दांत जोडतो. आमच्या हॉलसाठी मी लिहिले आहे की शाळकरी मुलांना भाडे कोर्टावर न लावता माणशी लावावे. क्रिकेट वर्गाच्या पावतीवर कोणत्या खात्याचा शिक्का आहे ते पाहून मला कळवाल का? क्रीडा विभाग आणि मालमत्ता विभाग यांपैकी निवेदन कोणाकडे द्यायचे, ते त्यावर ठरेल.

---

मैदान_पाच_ते_सात

त्यांच्या प्रशिक्षकांनी पावती आपणहून दाखवली. शिक्का मालमत्ता विभागाचा आहे आणि वेळ साडेचार ते साडेसात लिहिली आहे. सोमवारी मी सुट्टी काढते, मुलींपैकी दोघींच्या आयाही येतो म्हणाल्या आहेत.